शिक्षकाचा शाळा सोडल्याचा दाखला

सातवी झालेली मुलगी शेजारच्या गावातल्या हायस्कुलात जाते, तेव्हा तिच्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला जातो. नाव, जन्मतारीख, जात या रकान्यांच्या खाली आणखी तीन रकाने असतात. अभ्यासातील प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण. नोकरीची शेवटची नऊ वर्षं मी मुख्याध्यापिका होते. त्या काळात असे शेकडो दाखले माझ्या सहीने गेले. बारा वर्षांच्या मुलीची वर्तणूक कशी होती आणि ती शाळा का सोडते आहे, हे पुढच्या शाळेला कळवणं आपण इतकं आवश्यक मानतो की त्यासाठी छापील रकाना ठेवला आहे.

शिक्षक शाळा सोडतो तेव्हा असा रकाना नसतो. असते ते अनुभवाचं प्रमाणपत्र, आणि त्यात काय लिहायचं हे संस्था ठरवते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. तेव्हा मी साधी सहशिक्षिका होते. आमच्याकडे गणिताचे एक सर होते, निकाल उत्तम, पालकांत मान. नववीच्या दोन मुली त्यांच्या जादा तासाला बसेनात. आधी ते कोणाच्या लक्षात आलं असेल तर आमच्या शिपाईबाईंच्या. त्यांनी मला सांगितलं, मी मुख्याध्यापकांना सांगितलं, मुख्याध्यापकांनी अध्यक्षांना. एका मुलीच्या वडिलांना बोलावणं गेलं. बंद दाराआड काय बोलणं झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं. ‘बोभाटा झाला तर पोरीचंच नुकसान आहे, उद्या तिचं लग्न व्हायचंय.’ वडील उठून गेले. आठवडाभरात सरांचा राजीनामा आला, ‘घरगुती कारणास्तव’. निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ दिलं, आणि त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी केलं. प्रमाणपत्रात ओळ होती, ‘सेवाकाळातील वर्तन समाधानकारक.’

चार वर्षांनी दहावीच्या पेपर तपासणीत दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाई भेटल्या. बोलता बोलता म्हणाल्या, आमच्याकडे गणिताला वर्षाच्या मधेच माणूस शोधावा लागला. मी कारण विचारलं. त्यांनी आवाज खाली घेऊन सांगितलं. नाव तेच होतं. मी विचारलं, घेताना कोणी चौकशी केली नव्हती का? त्या म्हणाल्या, ‘तुमच्याच शाळेचं पत्र होतं की, बाई.’

तेव्हापासून शिक्षकाकडून होणाऱ्या लैंगिक छळाच्या प्रश्नाकडे मी फक्त शिक्षेच्या बाजूने बघू शकत नाही. गुन्हेगाराला कोणती शिक्षा द्यावी यावर आपल्याकडे भरपूर बोललं गेलं आहे. त्या दुसऱ्या शाळेतली मुलगी कशी वाचली असती, यावर फार थोडं.

कायदा नाही असं आता कोणी म्हणू शकत नाही. लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. शाळेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारीवर्गातल्या माणसाने त्याच शाळेतल्या मुलावर अत्याचार केला, तर तो गुन्हा जास्त गंभीर धरला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातल्या सर्वांत गंभीर प्रकाराला किमान वीस वर्षांची शिक्षा आहे आणि कमाल फाशी. कलम १९ सांगतं की मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, किंवा होण्याची भीती वाटेल, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. कलम २१ म्हणतं, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्याला संरक्षणही आहे. आमच्या शिपाईबाईंना १९९६ मध्ये यातलं काहीच उपलब्ध नव्हतं.

हे कलम कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कडक भूमिका घेतली. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांनी ते पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने डॉक्टरांविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. माहीत असून न कळवणं हा स्वतःच गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं.

तरीही बदलापूर घडलं. ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, कित्येक तास लोकल बंद राहिल्या, तेव्हा कुठे राज्य हललं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर कलम २१ लागलं. आरोपी शिक्षक नव्हता, कंत्राटी सफाई कर्मचारी होता, आणि २३ सप्टेंबरला तो पोलिसांच्या गोळीने मेला. अनेकांनी त्या दिवशी पेढे वाटले. मला त्या दिवशी खूप एकटं वाटलं. आरोपी मेला की खटला संपतो, आणि खटल्यात जे बाहेर यायला हवं होतं, कोणाला कधी कळलं आणि कोण गप्प बसलं, त्यातलं लोकांचं लक्षही संपतं.

बदलापूरनंतर सरकारने तातडीने शासन निर्णय काढला. शाळेत सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या. यातलं एकही वाईट नाही. पण शाळेत उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला विचारा, कॅमेरा काय टिपतो? कॅमेऱ्यात सर एका मुलीला थांबवून घेताना दिसतात. रोज तीच का थांबते, हे कॅमेऱ्याला कळत नाही. ते शिपाईबाईंना कळतं. पेन भेट देणं, रात्री अकरा वाजता ‘डाउट विचार’ असा मेसेज, ‘घरी सांगू नको, ते समजून घेणार नाहीत’ अशी कुजबुज, सहलीच्या गाडीत शेजारची जागा. यातलं एकेक सुटं धरलं तर पोलिसांकडे नेण्यासारखं वाटत नाही. सगळं एकत्र ठेवलं तर बाईमाणसाला चटकन ओळखू येतं.

चारित्र्य पडताळणीचंही तसंच. २०२० च्या पोक्सो नियमांनी शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ती ठरावीक काळाने करायला सांगितलं आहे, कायम असो वा कंत्राटी. पण पोलिसांच्या दफ्तरात सापडतो तो नोंदलेला गुन्हा. २०१८ मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सुरू केली. ती दोषी ठरलेल्यांची आहे आणि फक्त पोलीस यंत्रणेला बघता येते. आमच्या गणिताच्या सरांवर गुन्हा नोंदवलाच गेला नव्हता. ते आज नोकरीला लागले असते तर पडताळणीचा दाखला स्वच्छ आला असता. बंद दाराआड मिटवलेलं प्रकरण कोणत्याही ठाण्याच्या डायरीत नसतं. ते फक्त मागच्या शाळेच्या कपाटात असतं, किंवा तिथल्या दोन-चार माणसांच्या डोक्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या कपाटाची किल्ली कायद्याने मागायला हवी.

हे कुठे झालंच नाही असं नाही. अमेरिकेत शाळा हा राज्यांचा विषय आहे आणि तिथे या रोगाला एक नावही आहे, ‘पासिंग द ट्रॅश’, म्हणजे आपल्या दारातली घाण झाडून शेजाऱ्याच्या दारात लोटणं. पेनसिल्व्हेनियातल्या एका शिक्षकाबद्दल संशय असूनही त्याला शिफारस मिळाली आणि तो वेस्ट व्हर्जिनियात मुख्याध्यापक झाला. १९९७ मध्ये तिथे त्याच्या हातून बारा वर्षांच्या एका मुलाचा जीव गेला. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर पॅट टूमी ही हकिगत वॉशिंग्टनमध्ये पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तिचा शेवट २०१५ च्या संघीय शिक्षण कायद्यातल्या एका कलमात झाला. मुलांशी लैंगिक गैरवर्तन केल्याची माहिती किंवा सबळ संशय असलेल्या माणसाला दुसरी नोकरी मिळवून द्यायला मदत करू नये, अशी तजवीज राज्यांनी करायची आहे.

पण मला जास्त उपयोगी वाटतो तो पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा २०१४ चा कायदा, ज्याला तिथे ‘ॲक्ट १६८’ म्हणतात. तो शिक्षेबद्दल नाही, एका अर्जाबद्दल आहे. शाळेत मुलांशी थेट संबंध येणाऱ्या कामासाठी अर्ज करणाऱ्याने आधीच्या अशा सगळ्या नोकऱ्यांची यादी द्यायची. ठेकेदाराची माणसंही त्यातून सुटत नाहीत. नव्या शाळेने त्या प्रत्येक जुन्या मालकाला ठरलेले प्रश्न पाठवायचे. या माणसावर मुलांशी गैरवर्तनाच्या आरोपावरून चौकशी झाली होती का? चौकशी चालू असताना, किंवा आरोप खरा ठरल्यावर, त्याने राजीनामा दिला का, त्याला काढलं का? जुन्या शाळेने वीस दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशीत आरोप खोटा ठरला असेल तर तो सांगायचा नाही. खरेपणाने उत्तर देणाऱ्यावर दावा चालत नाही. आणि ‘तू राजीनामा दे, आम्ही कोणाला सांगणार नाही’ असा करार करायलाच बंदी आहे.

हे शेवटचं कलम वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. आमच्या शाळेत नेमका तोच करार झाला होता, फक्त तो कोणी कागदावर लिहिला नव्हता.

तिथले कायदे परिपूर्ण आहेत असं मी म्हणत नाही. संघीय कलमाला मुदत नव्हती, म्हणून राज्यं आपापल्या सवडीने हलली आणि काही ठिकाणी नियम फार ढिले राहिले. जुन्या शाळेने नोंदच ठेवली नसेल तर प्रश्नाला उत्तर काय येणार? लॉस एंजेलिसमधल्या एका प्राथमिक शाळेचा शिक्षक मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून २०१२ मध्ये पकडला गेला. त्याने बडतर्फीविरुद्धचं अपील मागे घ्यावं म्हणून तिथल्या शाळा चालवणाऱ्या मंडळाने त्याला सुमारे ४० हजार डॉलर मोजले होते. मुलांच्या कुटुंबांना पुढे १३९ दशलक्ष डॉलर द्यावे लागले, आणि शिक्षकाला काढण्याची प्रक्रिया सोपी करणारा कायदा कॅलिफोर्नियाला करावा लागला. चौकशी इतकी किचकट असते की पैसे देऊन सुटका करून घेणं संस्थेला सोपं वाटतं, हे त्यातून उघड झालं. आपल्याकडे पैशांऐवजी शाल-श्रीफळ असतं.

आपल्या राज्याचं बघू. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि त्याखालचे १९८१ चे नियम महाराष्ट्राचे स्वतःचे आहेत. त्यात राजीनाम्याबद्दल एक वेधक कलम आहे. शिक्षकाने राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची आणि एक प्रत रजिस्टर टपालाने पाठवायची. हे का? संस्थाचालक कोऱ्या कागदावर सह्या घेऊन शिक्षकांना घालवत, म्हणून. शिक्षकाचा राजीनामा खरा आहे की जबरीचा, याची काळजी कायद्याने सत्तेचाळीस वर्षांहून जास्त काळ वाहिली आहे, आणि ती वाहायलाच हवी होती. त्याच राजीनाम्यामागे एखादी मुलगी आहे का, हे मात्र त्या कायद्याने कधी विचारलेलं नाही.

इथे माझे सहकारी मला थांबवतील, आणि त्यांचं म्हणणं मी हलक्याने घेत नाही. एकतीस वर्षांत मी खोटे आरोपही पाहिले आहेत. संस्थेत दोन गट पडतात. एका गटाला मर्जीतला माणूस आणायचा असतो आणि अडचणीच्या शिक्षकावर कसलाही आळ घेतला जातो. शिस्त लावणाऱ्या सरांवर चिडून केलेली तक्रार असते. जातीचे हिशेब असतात. अशा शिक्षकाच्या मागे आयुष्यभर एक रकाना चिकटला तर तो उद्ध्वस्त होईल.

म्हणूनच चौकशी पूर्ण झाली पाहिजे. राजीनामा दिला की चौकशी थांबते, ही सवय दोघांवरही अन्याय करते. निर्दोष माणसावरचा संशय तसाच लोंबकळत राहतो आणि दोषी माणूस कोऱ्या पाटीने पुढच्या गावी जातो. आपल्या नियमांत तीन सदस्यांची चौकशी समिती आहे. एक सदस्य संस्थेचा, एक शिक्षकाने निवडलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधला. साधारण १२० दिवसांत काम संपवायचं असतं. मुलांबाबतच्या तक्रारीत राजीनामा आला तरी ही चौकशी पुरी करायची, निष्कर्ष लेखी द्यायचा, त्याविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात दाद मागता यायची, आणि आरोप खोटा ठरला तर नोंद पुसायची. एवढी दुरुस्ती झाली तर खोट्या आळाने पोळलेल्या शिक्षकाच्या हातातही प्रथमच एक कागद येईल. आज त्याच्या हातात काहीच नसतं, गावातली कुजबुज तेवढी त्याच्या मागे येते.

मुलीला मात्र त्या समितीपुढे उभं करून उलटतपासणीला देऊ नये. नव्वदच्या दशकात नवोदय विद्यालयातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं होतं. मुलींना उलटतपासणीच्या जाचातून वाचवण्यासाठी नेहमीची विभागीय चौकशी टाळून, संक्षिप्त चौकशीवर त्याला काढणं योग्य ठरवलं होतं. समितीत बालमानसशास्त्र जाणणारी एखादी बाहेरची व्यक्ती असली, आणि मुलीचं म्हणणं एकदाच, शांतपणे, तिच्या ओळखीच्या जागी नोंदवलं गेलं, तर पुरतं.

आणि पालकांनीच मिटवलं तर? हा प्रश्न मला सर्वांत जास्त सतावतो, कारण आमच्या त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो. राजस्थानात एका शिक्षकाविरुद्ध पंधरा वर्षांच्या विद्यार्थिनीची तक्रार होती. नंतर तिच्या वडिलांनी तडजोड केली आणि उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. सर्वोच्च न्यायालयात गेले ते कोण? कुटुंबाशी संबंध नसलेले, त्याच भागातले लोक. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तडजोडीवरचा तो निर्णय फिरवला. शाळेत शिक्षकाने केलेला असा गुन्हा दोन घरांतला खासगी मामला मानता येत नाही, असा त्याचा सूर होता. आपल्या गावाकडे असे परके लोक किती निघतील? सगळा भार पालकांच्या धैर्यावर टाकला की हेच होतं. मजुरी करणारा बाप संस्थेच्या अध्यक्षासमोर खुर्चीच्या कडेला बसलेला असतो. तिथे त्याला धीट व्हायला सांगणं सोपं आहे. कायद्याने अध्यक्षाला बांधलं असेल तर बापाला इतकं धीट व्हावं लागणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक एकमताने मंजूर केलं. फाशी, जलद तपास, कडक कलमं. राष्ट्रपतींची संमती त्याला मिळाली नाही आणि ते अडकलं. त्यामागची तळमळ मी नाकारत नाही. पण फाशीची तरतूद असलेल्या कायद्यासाठी जी राजकीय ताकद एकवटली, तिच्या दहाव्या हिश्शात सेवाशर्तींच्या नियमांत एक प्रपत्र जोडता आलं असतं. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार ‘शालार्थ’मधून निघतो, भरती ‘पवित्र’ पोर्टलवरून होते. कोणी कुठे किती वर्षं होता हे सरकारला एका क्लिकवर दिसतं. सेवा का संपली, चौकशी झाली का, निष्कर्ष काय, या तीन गोष्टी तिथेच नोंदवता येतील आणि फक्त नेमणूक करणाऱ्या शाळेला बघता येतील. विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांना त्याच नोंदीत आणावं लागेल, कारण माणसं तिथेच सर्वांत जास्त फिरतात.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे राजीनाम्याऐवजी बदली होते, निलंबन होतं आणि काही महिन्यांनी माणूस दुसऱ्या तालुक्यात रुजू होतो. बदलापूरच्याच आठवड्यात अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेच्या एका शिक्षकाला सहा मुलींच्या छळाच्या आरोपाखाली अटक झाली, हे विसरून चालणार नाही. बदलीच्या आदेशालाही तेच प्रपत्र लागलं पाहिजे.

खासगी शिकवण्या तर या सगळ्याच्या बाहेर आहेत. २०२५ च्या जूनमध्ये बीडच्या एका क्लासमधल्या शिक्षकांवर पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला, तेव्हा महिनाभर चर्चा झाली. शाळेतून निघालेल्या माणसाला क्लास उघडायला आज कोणाची परवानगी लागते? सकाळी सहाला, संध्याकाळी आठला, मुलगी एकटी सायकलवर जाते ती तिथेच. शिकवण्यांसाठीचा राज्य कायदा वर्षानुवर्षं नुसता येणार म्हणून ऐकते आहे. तो येईल तेव्हा फी आणि पार्किंगच्या आधी हे कलम असावं, एवढं मागणं आहे.

२००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास खात्याने तेरा राज्यांतल्या १२ हजारांहून जास्त मुलांशी बोलून अहवाल केला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. छळ करणाऱ्यांत जवळजवळ अर्धे मुलांच्या ओळखीचे, विश्वासाच्या जागेवरचे लोक होते. आम्ही शिक्षक त्याच जागेवर बसतो.

निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. एखादी ओळखीची मुख्याध्यापिका नवा शिक्षक घेताना कधी फोन करते, ‘बाई, तुमच्या ओळखीत आहेत का हे?’ तिला मी सांगते, आधीच्या प्रत्येक शाळेला लेखी विचारा. कायदा नसला तरी विचारायला बंदी नाही. प्रश्न तीनच ठेवा, उत्तर सही-शिक्क्यानिशी मागा, आणि उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच समजा. एका शाळेने असं पत्र पाठवलं, तेव्हा पलीकडून मुख्याध्यापकांचा फोन आला. म्हणाले, ‘लिहून कशाला, तोंडी सांगतो.’ त्या शाळेने त्या शिक्षकाला घेतलं नाही. तो नंतर कुठे लागला, ते आम्हांला कोणालाच माहीत नाही.